‘खुलभर’चं ‘वाटीभर’ करावं का? कहाण्यांतले जुने शब्द आणि मुलं

पाटीपेन्सिल:
श्रावणातल्या कहाण्या मुलांना वाचून दाखवताना बरेच जण आधीच शब्द बदलून ठेवतात. माझ्या मते हे चूक आहे. सोमवारच्या कहाणीत राजाच्या हुकमानं गावातलं सगळं दूध गाभाऱ्यात ओततात, तरी गाभारा भरत नाही. म्हातारी घरच्या मुलाबाळांना, वासरांना पोटभर देऊन उरलेलं खुलभर दूध आणते, आणि गाभारा भरतो. ‘खुल’ नेमकं केवढं, हे कुणाला हवंय? घागरींसमोर ते इवलंसं आहे, एवढं गोष्टच सांगते. ‘वाटीभर’ म्हटलं की मूल स्वयंपाकघरातली वाटी आणून मोजायला बसतं.

सरळसोट:
एका शब्दापुरतं ठीक. पण नावडत्या सुनेचं वाक्य घ्या: ‘जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं.’ न्यू जर्सीत किंवा बंगळुरात वाढणाऱ्या मुलाला ‘नेसणं’सुद्धा नवं असतं. एका ओळीत चार शब्द अडले की मूल गोष्ट सोडून देतं. सहा वर्षांच्या आतल्यांना सोप्या मराठीतच सांगावी, फक्त ‘आटपाट नगर होतं’ आणि शेवट मूळ ठेवावा.

पाटीपेन्सिल:
उदाहरण नेमकं उलटं निवडलंत. जेवण, कपडे, घर, तिन्ही वाईट, हे त्या तालातच कळतं. वाचता वाचता ‘गुरांचं बेडं, म्हणजे गोठाच,’ एवढं म्हणून पुढे जायचं. चार शब्दांहून लांब खुलासा नको, गोष्ट तुटते.
मूल अडतं ते ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ ऐकून ते विचारत नाही, कारण ‘उत्तर’ त्याला येतं, परीक्षेतलं! इथे उत्तर म्हणजे बोल: साठ बोलांची गोष्ट पाच बोलांत आटोपली. असे फसवे शब्द आधी हुडकून ठेवा.

चुलीपाशी:
दोघंही शब्दाला शब्द देण्यातच अडकलात. ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ यात ‘मातणं म्हणजे उन्मत्त होणं’ सांगितलं, तर एका अडलेल्या शब्दाचे दोन झाले. त्यापेक्षा छोट्या पातेल्यात पाव लिटर दूध तापत ठेवा, मूल दोन हात लांब. साय वाफेला अडवते, फेस चढतो, काठाशी आला की गॅस बंद. ‘हे उतू चाललं होतं. माणूसही ऐपत आली की असाच वर येतो.’ पण हे वाचनाच्या आधी, दुपारी करायचं. गोष्टीच्या मध्येच उठून दूध तापवायला गेलात, तर परत येईतो मूल झोपलेलं.
एका गोष्टीला असे तीनच शब्द घ्या. दुसऱ्या वाचनात त्या शब्दाच्या आधी थांबा, मुलाला म्हणू द्या.

मापटं:
मापांचं मात्र किलोत भाषांतर नको. पायली आकारमानाचं माप. पायलीभर साळीच्या लाह्या आणि पायलीभर गहू यांचं वजन एक कसं असेल? वाटी घ्या, तिला चिपटं म्हणा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे सोळा वाट्या मुलाला स्वतः ओतू द्या. खाली परात ठेवा, निम्मं सांडतंच.

सरळसोट:
दूध, वाट्या, परात, सगळं मान्य. पण हे रविवारी जमतं. रात्री साडेनवाला, दिवा मालवायच्या आधी दहा मिनिटं असतात, तेव्हा मी ‘गोठा’च म्हणणार.

चुलीपाशी:
म्हणा की. पण ‘बेडं’ आधी, ‘गोठा’ नंतर. क्रम उलटा केलात तर ‘बेडं’ कानावरून निघून जातं.