मदत हवी आहे: जर्मनीत लष्करी सेवेला नकार, विवेकाचं निवेदन कसं लिहावं?

जर्मन नागरिकत्व असलेल्या, वारकरी घरातल्या मुलाचा अर्ज तयार करायचा आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना हा प्रश्न येत नाही.

सक्तीची भरती 2011 पासून स्थगित आहे, पण 2026 पासून 2008 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलग्यांना लष्कराची प्रश्नावली भरावी लागते. ती भरणं म्हणजे नकार नव्हे; नकाराचा अर्ज वेगळा. जर्मन राज्यघटनेच्या कलम 4(3) चा (विवेकापोटी शस्त्र धरायला नकार देण्याचा हक्क) स्पष्ट उल्लेख असलेला, सही केलेला अर्ज लष्कराच्या भरती केंद्राकडे जातो (नुसता ईमेल नको). सोबत आयुष्यक्रमाचा तक्ता आणि सविस्तर निवेदन. निर्णय मात्र नागरी खातं घेतं.

अडतं ते निवेदनात. "हे युद्ध चुकीचं", "सरकारचं धोरण पटत नाही" असं लिहिलं की अर्ज कमकुवत होतो, कारण अमुक एका युद्धाला नकार इथे ग्राह्य नाही. शस्त्रानं माणूस मारणंच विवेकाला अशक्य आहे, हे दाखवावं लागतं. इंटरनेटवरचा तयार मजकूर उतरवला तर व्यक्तिगत विवेक दिसणार कुठून?

माझे प्रश्न:

घरातली अहिंसा, माळ, शाकाहार हे सगळं संस्कृतीचं वर्णन न वाटता त्याचा स्वतःचा निर्णय कसा वाटेल? गीतेत कृष्ण अर्जुनाला लढायलाच सांगतो, हा आक्षेप आपणच आधी मांडून उत्तर द्यावं का? मला तरी द्यावं असं वाटतं. आणि "घरात कुणी हल्ला केला तर?" याला प्रामाणिक उत्तर कसं लिहावं?

जर्मन मसुदा तपासून देणारं कुणी असेल तर कृपया कळवा.