विषय: १४ तारखेच्या आत नोंदणी, आणि ज्येष्ठांच्या गाडीबद्दल

प्रेषक: सचिव
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये नोंदणीचा घोळ झाला तो पुन्हा नको, म्हणून आजच लिहिते. मंगळवार, १४ ऑक्टोबर ही मतदार नोंदणीची शेवटची तारीख. मतदान ४ नोव्हेंबरला, त्याच्या बरोबर २१ दिवस आधी. न्यू जर्सीत ऐन मतदानाच्या दिवशी नाव घालता येत नाही. १५ तारखेला मला फोन आला तर मी काहीही करू शकणार नाही.

यंदा गव्हर्नरची निवडणूक आहे, शिवाय असेंब्लीच्या, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ८०च्या ८० जागा. घर बदललेल्यांनी पत्ता आजच तपासा. नोंदणी ऑनलाइन होते, लायसन्स किंवा सोशल सिक्युरिटी नंबर हाताशी ठेवा. १७ पूर्ण झालेल्या मुलांचं नावही आत्ताच घालून ठेवता येतं, मत मात्र १८ झाल्यावर.

ज्येष्ठांसाठी ४ तारखेला दोन गाड्यांची सोय आहे. नावं रविवारपर्यंत बापूंकडे.

– सचिव, मराठी मंडळ


प्रेषक: बापू
गुरुवार, ९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

गाडी माझी आणि जावयाची. पण नुसतं नाव देऊ नका, मतदान केंद्रही कळवा. मागच्या वेळी पाच जण गाडीत बसल्यावर समजलं की तिघांची केंद्रं तीन वेगळ्या शाळांत आहेत. एडिसनमध्येच दोन तास फिरत होतो आणि पिस्काटवेच्या काकूंना पोचायला साडेसात झाले. आठला दारं बंद. काकू आत गेल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरी नमुना मतपत्रिका येते, तिच्यावर केंद्राचा पत्ता असतो. तो वाचून पाठवा.

बापू


प्रेषक: माई
शुक्रवार, १० ऑक्टोबर, सकाळी ७.२०

बापू, माझं नाव घाला. केंद्र नेहमीचंच, लायब्ररीच्या मागची शाळा.

एक विचारायचं होतं. माझ्याकडे टपालाने मतपत्रिकेचं जाड पाकीट आलं आहे. करोनाच्या वर्षापासून येतच असतं. सून म्हणते घरीच भरा. पण मला केंद्रावर जायला आवडतं. हे होते तेव्हा आम्ही दोघं चालत जायचो, सकाळी सहाला दार उघडायच्या आधी रांगेत. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर पहिलं मत दिलं त्या दिवशी ह्यांनी कोट घातला होता. तर पाकीट घरी ठेवून मशिनवर मत दिलं तर चालेल ना?


प्रेषक: नाना
शुक्रवार, १० ऑक्टोबर, सकाळी ९.४४

> पाकीट घरी ठेवून मशिनवर मत दिलं तर चालेल ना?

माई, अगदी निर्धास्त चालेल. पाकीट आलं म्हणून सक्ती थोडीच आहे? फाडून टाका आणि केंद्रावर जा. मी २०२१ला हेच केलं होतं, कोणी अडवलं नाही. मत माझं, मी कुठे द्यायचं ते मी ठरवणार.

शिवाय ज्येष्ठ विभाग मी इतकी वर्षं बघतो आहे. गाडीचं वेळापत्रक ह्या ई-मेल यादीवर जाहीर होण्याआधी मला एक फोन यायला हवा होता, एवढंच नोंदवतो.


प्रेषक: ताई
शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपारी १२.३०

माई, कृपा करून पाकीट फाडू नका. नाना, रागावू नका, पण हे चुकीचं आहे आणि यादीवर सगळे वाचताहेत म्हणून लगेच लिहिते.

मी चार निवडणुका केंद्रावर काम केलं आहे. टॅब्लेटवर मतदाराचं नाव काढलं की ह्यांना टपाली मतपत्रिका गेली आहे हे समोर दिसतं. अशा मतदाराला आम्ही मशिनवर पाठवूच शकत नाही. मतपत्रिका घरी आहे, हरवली, फाडली, काहीही सांगितलं तरी नाही. त्यांना प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती मतपत्रिका देतात, कागदी. टपाली मत आलेलं नाही ना, हे पडताळून मग ती मोजतात. मत वाया जात नाही, पण टेबलापाशी उभं राहून फॉर्म भरावा लागतो, आणि त्या फॉर्मात चूक झाली तर मत बाद होऊ शकतं. एक आजोबा गेल्या वेळी हे ऐकून परत निघाले होते. त्यांना थांबवायला मी दारापर्यंत गेले.

नाना, २०२१ला तुम्हाला मशिनकडे पाठवलं होतं, की पाकिटात घालायचा कागद दिला होता?


प्रेषक: नाना
शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपारी २.१५

कागद दिला होता. पाकीटही होतं. मला वाटलं त्या वर्षी पद्धतच तशी आहे. ठीक आहे, माई, फाडू नका.

पण मग पाकीट येणं बंद कसं करायचं? मी कधी मागितलं नव्हतं.


प्रेषक: ताई
शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपारी ३.०२

एकदा अर्ज केला की पुढच्या प्रत्येक निवडणुकीला ते येत राहतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधीतरी फॉर्मवर खूण केली आणि विसरले. बंद करायचं तर काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, क्लर्ककडे लेखी कळवावं लागतं. पण यंदाची मतपत्रिका हातात पडली आहे, तर ह्या वेळी तीच भरा आणि पुढच्या वर्षासाठी बंद करा.

भरताना तीन गोष्टी सांभाळा. आतल्या पाकिटाला जोडलेली प्रमाणपत्राची पट्टी फाडून वेगळी करायची नाही. लोक ती पावती समजून काढतात. त्या पट्टीवर सही हवीच. आणि सही नोंदणीच्या वेळी केली होती तशी हवी, कारण दोन्ही ताडून बघतात.

टपालाने पाठवलीत तर ४ तारखेला रात्री ८ पर्यंतचा शिक्का हवा आणि सहा दिवसांत ती काउंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सला पोचायला हवी. शिक्का नीट उमटेल की नाही ह्या काळजीपेक्षा ड्रॉप बॉक्स, म्हणजे टपाली मतपत्रिका टाकायची सरकारी पेटी, बरा, तिथेही ४ला रात्री ८ पर्यंत वेळ आहे. मतदान केंद्रावर मात्र ती घेत नाहीत. ज्यांचा समज आहे की केंद्रावर जाऊन पाकीट देऊन येऊ, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.


प्रेषक: मावशी
शुक्रवार, १० ऑक्टोबर, सायंकाळी ६.४०

सहीचं निघालंच आहे तर सांगते. माझं मत ह्याच कारणाने अडकलं होतं. नागरिकत्वाच्या वेळी कोणीतरी सांगितलं म्हणून इंग्रजीत सही केली, नोंदणीवरही तीच. नंतर मुलगी म्हणाली, आई, तुझी सही मराठीतच छान दिसते, तर सगळीकडे मराठीत करायला लागले. टपाली मतपत्रिकेवरही. मग घरी पत्र आलं की सही जुळत नाही, हा फॉर्म भरून पाठवा. भरला आणि मत धरलं गेलं. पण पत्र नकोशा टपालात पडून राहिलं असतं तर कळलंही नसतं.

देवनागरी सही चालते, कोणी हरकत घेत नाही. दोन्हीकडे एकच हवी.


प्रेषक: नाना
शुक्रवार, १० ऑक्टोबर, सायंकाळी ७.१८

> देवनागरी सही चालते

सही चालते, मग फॉर्म मराठीत का नाही? राज्याचा नोंदणी फॉर्म गुजरातीत मिळतो. आपण ह्या राज्यात किती वर्षं आहोत! मंडळाने ह्यासाठी कधी पत्रव्यवहार केला का? मी कार्यकारिणीत असताना विषय काढला होता, पुढे काय झालं ते कळलं नाही.


प्रेषक: मावशी
शुक्रवार, १० ऑक्टोबर, रात्री ८.०१

गुजराती मंडळींनी मिळवलं ह्याचा मला आनंदच आहे. माझी शेजारीण ऐंशीची आहे, तिने स्वतःचा फॉर्म स्वतः वाचून भरला. आपल्याकडच्यांना इंग्रजी वाचताना अडलं तर केंद्रावर मदतीला आपलं माणूस आत नेता येतं, मुलगा, सून, शेजारी, कोणीही. फक्त आपला मालक किंवा युनियनचा माणूस नको. हे बऱ्याच जणांना माहीत नाही म्हणून मतदानाला जायलाच लाजतात. जनगणना खात्याचा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे घरी आला तर त्यात घरची भाषा मराठी म्हणून भरतो का आपण? तिथून सुरुवात होते.


प्रेषक: बापू
शुक्रवार, १० ऑक्टोबर, रात्री ९.२५

फॉर्मचं नंतर बघू. गाडीचं सांगतो.

माईंसारखी पाकीटवाली मंडळी बरीच दिसताहेत. २५ तारखेला दिवाळीच्या कार्यक्रमाला सगळे येणारच आहेत. प्रवेशाच्या टेबलावर एक पेटी ठेवू, भरलेली पाकिटं तिथे द्या, मी रात्रीच ड्रॉप बॉक्समध्ये टाकून येईन. कोणाला थंडीत बाहेर पडायला नको.


प्रेषक: ताई
शुक्रवार, १० ऑक्टोबर, रात्री ९.४१

बापू, नाही!! तुमचं मन मला माहीत आहे, पण पेटी अजिबात ठेवू नका. दुसऱ्याची मतपत्रिका नेऊन देणाऱ्याला एका निवडणुकीत जास्तीत जास्त तिघांच्याच नेता येतात. एकाच घरात राहणारं जवळचं कुटुंब असेल तर पाच. आणि प्रत्येक पाकिटावर नेणाऱ्याने स्वतःचं नाव, पत्ता, सही घालायची असते. टेबलावर चाळीस पाकिटं गोळा झाली तर त्या चाळीस जणांची मतं आणि तुम्ही, दोन्ही अडचणीत. शिवाय मंडळ सगळ्यांचं आहे, पक्षाचं नाही. मंडळाच्या टेबलावर मतपत्रिका दिसू नयेत.


प्रेषक: बापू
शुक्रवार, १० ऑक्टोबर, रात्री ९.५८

बरं झालं बोललीस. पेटी रद्द.


प्रेषक: सोनू
शनिवार, ११ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

नमस्कार, मी आणि बायको एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर, पासपोर्ट भारताचा. गेल्या नोव्हेंबरात विधानसभेच्या वेळी घरच्या ग्रुपवर सगळ्यांची शाई लावलेली बोटं बघून फार वाईट वाटलं. इथे राहून महाराष्ट्रात मत देता येतं का? आणि लायसन्स रिन्यू करताना मोटर व्हेइकलच्या काउंटरवर मतदार नोंदणीचं विचारलं, तेव्हा गोंधळून गेलो. ग्रीन कार्ड आलं की हो म्हणायचं का?


प्रेषक: सचिव
शनिवार, ११ ऑक्टोबर, सकाळी ११.३५

सोनू, काउंटरवर नाहीच म्हणायचं. ग्रीन कार्ड आलं तरी नाही. इथल्या राज्याच्या निवडणुकीत फक्त नागरिक. चुकून नाव घातलं गेलं तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, हा प्रश्न थेट विचारतात, आणि नागरिक असल्याचा खोटा दावा देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतो. काउंटरवरची व्यक्ती घाईत असते, तिने पुढे केलं म्हणून सही करू नका. वाचा, मग करा.

भारतातलं: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल तर परदेशस्थ मतदार म्हणून फॉर्म ६ए भरून नाव घालता येतं, पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात. २०१०च्या दुरुस्तीनंतर ही सोय झाली. पण मत द्यायला तिथे प्रत्यक्ष जावं लागतं, मूळ पासपोर्ट दाखवून. टपालाने किंवा ऑनलाइन नाही. २० नोव्हेंबर २०२४ला माझा भाऊ शिकागोहून पुण्याला गेला होता, कामं त्या आठवड्यात लावून.


प्रेषक: नाना
शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

ओसीआयवाल्यांना?


प्रेषक: सचिव
शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपारी १२.२६

नाही, नाना. इथलं नागरिकत्व घेतलं की तिथलं संपतं. ओसीआय हा आजीवन व्हिसा आहे, मताचा हक्क त्यात नाही. म्हणून तर इथलं मत सोडू नये असं मला वाटतं. ते सोडलं तर आपल्याला मत कुठेच उरत नाही.

आता गाडी. ताईशी काल रात्री बोलले आणि एक सोपी वाट निघाली. नाना, हे लिहिण्याआधी तुम्हाला फोन केला होता, लागला नाही.

२५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर मुदतपूर्व मतदान आहे. सोमवार ते शनिवार सकाळी १० ते रात्री ८, रविवारी ६ पर्यंत. तेव्हा आपलं ठरलेलं केंद्र लागत नाही, काउंटीतल्या कुठल्याही मुदतपूर्व केंद्रावर जाता येतं आणि मत मशिनवरच देतात. म्हणजे बापूंना तीन शाळा फिरायला नको. रविवार, २६ ऑक्टोबरला मिडलसेक्स काउंटीतल्या सगळ्यांना एकाच ठिकाणी नेता येईल. हिल्सबरोचे अप्पा मात्र सॉमरसेट काउंटीत येतात, त्यांना त्यांच्याच काउंटीत जावं लागेल.

पाकीट आलेल्यांना तिथेही तात्पुरतीच मतपत्रिका मिळणार. त्यांनी ड्रॉप बॉक्स.


प्रेषक: नाना
शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपारी १.०५

फोन बंद होता, चार्जिंगला लावला होता. २६ चांगला दिवस आहे. अप्पांना मी नेतो. ज्येष्ठांची यादी माझ्याकडे आहे, प्रत्येकाला आज-उद्या फोन करून पाकीट आलं आहे का ते विचारतो. ते बापूंना कळवतो.


प्रेषक: माई
शनिवार, ११ ऑक्टोबर, सायंकाळी ५.५०

सगळं वाचलं. पट्टी फाडणार नाही. सही माझी पहिल्यापासून इंग्रजीतच आहे. मतपत्रिका आज टेबलावर उघडून ठेवली आहे, नावं नीट वाचून दोन दिवसांनी भरेन.

बापू, मला मशिनवर मत द्यायचं नाही हे कळलं, तरी २६ला गाडीत एक जागा ठेवाल का? पाकीट माझ्या हाताने टाकायचं आहे.


प्रेषक: बापू
शनिवार, ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६.०४

माई, पुढची सीट तुमची. पावणेदहाला येतो. मुदतपूर्व केंद्र झालं की येताना ड्रॉप बॉक्सपाशी थांबू.

बाकीच्यांनी काउंटी कळवा. नुसतं गाव नको, काउंटी.