आठ इंची डॉबसाठी ३-८ झूम आयपीस घ्यावा, सुटे तीन-चार नकोत. पटतं का?

अजिंक्यतारा (सातारा)

ओळखीतल्या एकाने आठ इंची डॉब्सोनियन (डॉब, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) घेतली आणि ग्रहांसाठी कोणते आयपीस (डोळा लावायचं भिंग) घेऊ म्हणून विचारलं. त्याच्या यादीत ६, ५ आणि ४ मिमीचे सुटे आयपीस होते. मी त्याला म्हटलं, हे तिन्ही राहू दे, एकच ३ ते ८ मिमीचा झूम (कडं फिरवून मिमी बदलता येणारा आयपीस) घे. आमच्या गटात यावर बरीच खडाजंगी झाली. माझं म्हणणं इथे नीट मांडतो, ज्यांना पटत नाही त्यांनी खोडून काढावं.

त्याची दुर्बीण २०३ मिमीची, एफ/६ (फोकल लेंथ आरशाच्या सहापट), फोकल लेंथ साधारण १२०० मिमी. तिला आयपीसच्या मिमीने भागलं की पट मिळते. म्हणजे ८ मिमीला १५० पट, ६ ला २००, ५ ला २४०, ४ ला ३००. गुरू, शनी, मंगळ, चंद्रावरची बारीक विवरं, जोडतारे हे सगळं याच पट्ट्यात चालतं. आता आज रात्री १८० चालेल की २७०, हे आपण ठरवत नाही, हवा ठरवते. संध्याकाळी गच्चीचा स्लॅब दिवसभराची उष्णता सोडत असतो, तेव्हा २०० च्या वर गुरू उकळल्यासारखा दिसतो. मध्यरात्रीनंतर स्लॅब निवतो, आरसा निवतो, आणि त्याच गच्चीवरून २६० ला पट्ट्यांच्या कडांवरचे निळसर धागे सुटे दिसू लागतात. सुट्या आयपीसांत २०० च्या पुढे थेट २४०, मग थेट ३००. झूममध्ये कडं फिरवत जायचं आणि तपशील वाढायचा थांबला की तिथेच थांबायचं. ही मधली जागा सुट्यांत मिळत नाही.

झूमबद्दलची जुनी नाराजी मला माहीत आहे. ८-२४ च्या झूममध्ये २४ ला गेलं की दृश्य (आयपीसमध्ये दिसणाऱ्या गोलाची रुंदी) ४०-५० अंशांवर आक्रसतं, नळीतून बघितल्यासारखं. पण कमी फोकल लेंथच्या झूमची जात वेगळी आहे. टेलिव्ह्यूचा नॅग्लर ३-६ घ्या, चारही खटक्यांवर ५० अंश कायम आणि आय रिलीफ (काचेपासून डोळा ठेवायचं अंतर) १० मिमी कायम. स्वबोनीचा ३-८ आला तोही सगळीकडे ५६ अंशांचा, आणि किंमत नॅग्लरच्या कितीतरी खाली. चार मिमीच्या ऑर्थोवर (ऑर्थोस्कोपिक, जुन्या घडणीचा सुटा आयपीस) तीन-चार मिमी आय रिलीफ असतो, पापणी काचेला लागते. त्यापुढे दहा मिमी म्हणजे सुख आहे.

ऑर्थोवाला

पटत नाही. आधी साधा हिशोब. डॉबला मोटर नाही. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं (एका अंशात ६० कला, एका कलेत ६० आर्कसेकंद). ३०० पटीला ५६ अंशांचं दृश्य म्हणजे खरं क्षेत्र ११ कलांचं. ग्रह एका कडेवरून दुसऱ्या कडेला पाऊण मिनिटात जातो. ढकललं की दुर्बीण हलते, ती शांत व्हायला दोन-तीन सेकंद जातात, आणि नीट बघायला उरतो तो मधला तुकडा. ८२ अंशांच्या आयपीसला त्याच पटीत एक मिनिटाहून जास्त मिळतं. तपशील पहिल्या नजरेत दिसत नाही, टक लावून बसलं की हवेच्या एखाद्या स्थिर क्षणी दिसतो. त्यामुळे हा वेळ मोलाचा.

दुसरं म्हणजे, १५० ते ३०० मध्ये सतत फिरावं लागतं हा समज नव्या माणसाला चुकीची सवय लावतो. तो बघायचं सोडून कडं फिरवत बसतो. २०० आणि २६० या दोन पटींत माझं बहुतेक सगळं ग्रहनिरीक्षण होतं. दोन उत्तम आयपीस घ्या, त्यांच्याशी डोळा जुळू द्या.

सी-आठवाली

डॉबवाल्यांनी हे सर्वांसाठीचं उत्तर समजू नये म्हणून लिहिते. माझी आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन (पुढे काच, मागे आरसा असलेला वेगळा प्रकार) आहे, आरसा जवळपास तेवढाच, पण फोकल लेंथ २०३२. तिला ३ मिमी लावला तर ६७७ पट. एवढ्या आरशाला ४०० ही कागदावरची हद्द, आणि आपल्याकडे तीही क्वचितच मिळते. माझ्या कामाचा भाग ८ मिमीलाच २५४ वर संपतो. मला ८-२४ चाच झूम योग्य, आणि बाडरचा हायपेरिअन मी त्यासाठीच ठेवलाय. ३-८ हा एफ/५, एफ/६ च्या कमी फोकल लेंथच्या दुर्बिणींचा आयपीस आहे. आधी आपल्या नळीवरचा आकडा वाचा, मग जाहिरात.

अजिंक्यतारा

ताई, पूर्ण सहमत. तुमच्यासारख्या एफ/१० ला मी हा कधीच सुचवणार नाही.

ऑर्थोवाले, सरकण्याचा हिशोब बरोबर आहे. पण आयपीस बदलण्याचाही हिशोब धरा. स्क्रू सैल, एक काढला, दुसरा घातला, स्क्रू घट्ट, नळी हलली, ग्रह बाहेर. ३०० पटीला तो परत शोधायचा. जानेवारी २०२६ मध्ये गुरू मिथुनेत होता, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) सुमारे २२ अंश उत्तर. साताऱ्यातून तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येत होता. हवेच्या दृष्टीने याहून चांगली जागा नाही, पण डॉब नेमकी माथ्यावर रोखणं किती जड जातं ते तुम्हालाही माहीत आहे. तिथे १५० ला ग्रह मध्यात आणायचा आणि कडं फिरवत वर जायचं, नजर हटवायची गरजच नाही.

७६-७०० वाला

माझ्याकडे ७६ मिमीची, ७०० फोकल लेंथची दुर्बीण आहे. डब्यावर ५२५ पट लिहिलंय. सोबत ४ मिमीचा आयपीस आणि ३एक्स बार्लो (पट तिप्पट करणारं भिंग) आलाय. पण १७५ लाच सगळं धुरकट दिसतं. मी झूम घेऊ का?

ऑर्थोवाला

नका घेऊ. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याला तीनने गुणून ५२५ हा आकडा छापलाय. ७६ मिमीच्या आरशाला १५० च्या पुढे दाखवायला प्रकाशच उरत नाही, चित्र फक्त मोठं आणि मंद होतं. तो बार्लो बाजूला ठेवा. ६ मिमीचा एक बरा आयपीस घ्या, ११७ पट मिळेल, शनीची कडी आणि गुरूचे दोन पट्टे त्यात व्यवस्थित दिसतील. आणि त्याही आधी आरशांचं कोलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत ना ते) कुणाकडून तरी तपासून घ्या. त्याला एक रुपया लागत नाही आणि आयपीसहून जास्त फरक पडतो.

रत्नागिरीकर काका

वयाने मोठा आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो, दोन्ही झूमच्या विरुद्ध जातील.

एफ/६ ला ३ मिमी म्हणजे एक्झिट प्यूपिल (आयपीसमधून डोळ्यात येणाऱ्या किरणशलाकेची जाडी) अर्धा मिमी. एवढ्या बारीक किरणशलाकेत माझ्या डोळ्यातले तरंगते ठिपके आणि धागे शनीवरून फिरताना दिसतात. पन्नाशीनंतर बहुतेकांना हा त्रास होतो. चार मिमीच्या खालचा भाग माझ्यासाठी फुकट आहे, म्हणजे झूममध्ये मी न वापरायच्या भागाचेही पैसे मोजतो. चष्म्याची मात्र काळजी करू नका. एवढ्या लहान प्यूपिलला डोळ्याचा सिलिंडर नंबर जाणवत नाही, चष्मा काढूनच बघावं.

दुसरं, कोकणातला पावसाळा. झूमच्या आत काचा पुढे-मागे सरकतात, त्यासोबत हवा आत-बाहेर होते, आणि आमच्याकडे त्या हवेत जून ते सप्टेंबर बुरशी असते. सुटा आयपीस बाहेरून पुसता येतो. झूमच्या आतल्या काचेवर बुरशीचं जाळं धरलं तर ते उघडून साफ करणारा माणूस जवळपास मिळत नाही. घेतलात तर सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि जेल निळं आहे का ते बघत राहा.

वांगणीची वारी

मी शाळांच्या आकाशदर्शन कार्यक्रमांना दुर्बीण लावते. तिथे झूम नको म्हणजे नकोच. रांगेतल्या प्रत्येक मुलाचा हात आधी आयपीसलाच जातो. फोकस समजून कडं फिरवतात, चौथ्या मुलापर्यंत पट बदललेली असते, चित्र पुसट झालेलं असतं, आणि ते मूल “दिसलं” म्हणून निघून जातं. त्याला काय दिसलं असेल या विचाराने मला वाईट वाटतं. तिथे १० किंवा १२ मिमीचा साधा, रुंद दृश्याचा आयपीस लावावा.

घरी एकटीने बघताना मात्र मी झूमच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण जोडतारे. कन्येतला पोरिमा घ्या. २००५ मध्ये त्याचे दोन तारे इतके जवळ आले होते की लहान दुर्बिणींत सुटेच होईनात. आता अंतर तीन आर्कसेकंदांच्या वर गेलंय. मार्च ते मे, पाऊस यायच्या आधी, रात्री तो छान उंच असतो. झूमने हळूहळू पट वाढवत गेलं की आधी लांबट ठिपका, मग चिकटलेले दोन, मग मधली काळी फट असं क्रमाने उलगडतं. जोडी नेमकी कितव्या पटीला सुटली हे वहीत लिहिता येतं. सुट्या आयपीसने एवढं बारीक मोजता येत नाही.

ऑर्थोवाला

जोडताऱ्यांचा मुद्दा मान्य. ग्रहांबद्दल मत कायम. काकांचा मुद्दा माझ्या बाजूचाच आहे, चारच्या खाली आठ इंचीला फारसं कामच नाही. मग उरलेल्या पट्ट्यासाठी दोन आयपीस पुरतात.

अजिंक्यतारा

काका, बुरशीची सूचना त्या मित्राला जशीच्या तशी कळवतो. आम्ही घाटमाथ्यावर असलो तरी पावसाळा आम्हालाही आहेच.

तीन मिमीचं टोक डॉबला रोज लागत नाही हेही खरं. पण त्याच्याकडे ८० मिमी एफ/६ ची छोटी अपवर्तक (भिंगाची) दुर्बीणही आहे, ४८० फोकल लेंथची. तिला हाच झूम ६० ते १६० पट देतो, म्हणजे तिची सगळी वरची बाजू एका आयपीसमध्ये. १९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ प्रतियुतीत (आकाशात सूर्याच्या नेमका विरुद्ध बाजूला) येईल, बिंब जेमतेम १४ आर्कसेकंदांचं. एवढ्या लहान बिंबावर ध्रुवाची पांढरी टोपी आणि सिर्टिस मेजरचा गडद त्रिकोण बघायला २४० ते ३०० पट हवीच, आणि त्यात नेमकी कोणती ते त्या रात्रीच कळेल. त्याला मी झूमच घ्यायला सांगितलंय.

ऑर्थोवाला

मग मंगळाच्या वेळी दोन्ही लावू. तुमचा झूम आणि माझा ५ मिमी, एकाच डॉबवर, आलटून पालटून. फक्त डॉब दोन तास आधी बाहेर काढून ठेवा, आरसा निवू दे.