कथेची सुरुवात: आधी गाव की आधी पेच?

खानापूरकर
आमच्या बेळगावकडच्या एका ग्रामीण संमेलनासाठी आलेल्या कथा वाचायचं काम यंदा माझ्याकडं आहे. गठ्ठ्यातल्या निम्म्याहून जास्त कथा पावसानं, नाहीतर कोंबड्याच्या आरवण्यानं सुरू होतात. एका तरुण पोराची कथा मनातून जात नाही. पहिली दोन पानं धुकं, एसटी स्टँड, देवळाचा कळस. तिसऱ्या पानावर हे येतं: ‘म्हातारी जमिनीच्या उताऱ्यावर बोट फिरवत होती. कन्नड अक्षरांतलं नवऱ्याचं नाव तिला ओळखता येत नव्हतं. ते तिथं नाहीच, हे कारकुनाला आधीच कळलं होतं.’

कथा इथं सुरू होते! आधीची दोन पानं काढून टाकावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी म्हातारी अंगठा देणार की कागद घेऊन उठणार, हे आधी ठरवायचं. मग तिथून मागं येत प्रत्येक प्रसंगाला विचारायचं: तू नसलास तर काय अडतं? जिथं अडतं तिथं पहिलं वाक्य. ग्रीक कवी होमरनं ट्रॉयचं युद्ध पहिल्या दिवसापासून नाही सांगितलं. त्याचं ‘इलियड’ हे महाकाव्य उघडतं तेव्हा युद्धाचं दहावं वर्ष चालू असतं. रोमन कवी होरेसनं दोन हजार वर्षांपूर्वी त्याची तारीफ केली ती यासाठीच.

निपाणीची वाचक
मला हे अजिबात पटत नाही. तिसऱ्या पानावरचं ते बोट तुम्हाला लागलं, कारण दोन पानं तुम्ही त्या म्हातारीबरोबर धुक्यातून चालत आलात.

आपला कान कशावर घडलाय ते बघा. कीर्तनात आधी पूर्वरंग, मग उत्तररंगात आख्यान. तमाशात गण, गवळण, बतावणी, आणि मग वग. ऐकणाऱ्याला बसायला, मन लावायला वेळ द्यायची आपली रीत आहे.

शिवाय आपली कथा पुण्यात, नागपुरातही वाचली जाते. उतारा कन्नडात का, हे तिथल्या वाचकाला कुठून कळणार? 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला आणि चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात, आताच्या महाराष्ट्रात, राहिला. सख्ख्या बहिणींतली एक चंदगडला दिलेली, एक खानापुरात. एकीचा उतारा मराठीत, दुसरीचा कन्नडात. हे न सांगता म्हातारीचं बोट समजतच नाही. आपल्या कथेत गाव म्हणजे नेपथ्य नव्हे, पेच गावातच आहे.

खानापूरकर
कीर्तनाचं उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. बुवा पूर्वरंगात अभंग घेतात, त्यातला विचार सोडवत नेतात, आणि आख्यानात तोच विचार माणसाच्या आयुष्यात घडताना दाखवतात. म्हणजे पहिल्या घडीपासून प्रश्न समोर आहे. त्या दोन पानांत प्रश्न कुठंय? दोन बहिणींचं तुम्ही म्हणता ते मात्र त्या पोराच्या कथेत यायलाच हवं होतं.

वडगावचा मागवाला
श्रावणातल्या कहाण्या आठवा. ‘आटपाट नगर होतं.’ झालं, गाव संपलं. लगेच दरिद्री ब्राह्मण, नाहीतर मूलबाळ नसलेली राणी. उणीव आली की गोष्ट चालू लागते. आमच्या आजीला त्यापुढं काही सांगावं लागायचं नाही, आम्ही सरकून जवळ बसायचो.

कथानक आधी ठरवण्याबद्दल मागावरचं सांगतो. ताणा, म्हणजे उभे धागे, आधी पुरा भरावा लागतो. किती धागे, काठ केवढा, हे ठरल्याशिवाय आडवा धागा नेणारा धोटा फेकता येत नाही. एक धागा फणीच्या चुकीच्या फटीत गेला तर ती रेघ लुगडंभर दिसत राहते. अर्ध्यात कथा सोडणारे ताणा न भरताच विणायला बसतात, असं मला वाटतं.

बेळगुंदीची अक्का
दादा, मागाचं खरं असेल, कथेचं तसं नाही. मी रताळी काढणाऱ्या दोन जावांची कथा लिहीत होते. धाकटी घर सोडून जाणार, हे पक्कं ठरवलेलं. तिला तीनदा दारापर्यंत नेलं, तीनदा ती खोटी वाटली. चौथ्या वेळी ती वळून थोरलीला म्हणाली, ‘जातो म्हणून कोण म्हणालं? बांधाकडचे दोन वाफे माझ्या नावावर करा.’ हे मला आधी माहीत नव्हतं. ठरल्याप्रमाणं लिहिलं असतं तर हे वाक्य मेलं असतं.

मग सुरुवातीची चार पानं फाडली आणि वाफ्यांपासून सुरू केलं. म्हणजे काढून टाकण्याबद्दल खानापूरकरांशी मी सहमत आहे. पण काय काढायचं ते शेवट हाती लागल्यावर कळतं, आणि शेवट लिहूनच हाती लागतो. त्या पोराला त्याची दोन पानं लिहावी लागलीच असणार. ती लिहिल्याबद्दल त्याला बोलू नका.

खानापूरकर
बोलणार नाही, अक्का. पेन्सिलीनं खूण करून पाठवतो, ठेवायचं की काढायचं ते त्यानं बघावं.

निपाणीची वाचक
मग माझीही एक खूण त्याला कळवा. सगळं धुकं पुसू नका. मी असं सुरू करीन: ‘धुक्यात बसचा बोर्ड दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी म्हातारीला वाचता आला नसता. तिनं कंडक्टरलाच विचारलं आणि उताऱ्याची पिशवी पोटाशी धरून चढली.’ पुढच्या परिच्छेदात कचेरी आली तरी चालेल. पण ती बसनं, धुक्यातून, एकटी आली, एवढं मला हवंच.