कोल्हापूरच्या सर्किट बेंचला कायम खंडपीठाचा दर्जा द्यावा का?

गिरगावकर
१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (कायम दर्जा नसलेले, मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ) कोल्हापुरात बसू लागले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिकडे गेली. माझी सारी वकिली फोर्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या मुख्य पीठासमोर झाली, तरी या बेंचला कायम खंडपीठाचा दर्जा मिळावा, असे माझे ठाम मत आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने न्यायमूर्तींना अन्यत्र बसवू शकतात; सर्किट बेंच त्यावरच चालते. कायम खंडपीठासाठी मात्र कलम ५१(२) खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. वर्षानुवर्षे चालणारी अपिले केवळ प्रशासकीय निर्णयाच्या आधारावर ठेवणे योग्य नाही. औरंगाबादलाही १९८१ मध्ये याच वाटेने सुरुवात झाली आणि १९८४ मध्ये कायम खंडपीठ मिळाले.

दादरचा वकील
मी असहमत आहे. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मंजूर पदे ९४ आहेत, तीही सहसा पूर्ण भरलेली नसतात, आणि मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी व आता कोल्हापूर या सर्वांची गरज त्यातूनच भागवायची आहे. दर्जा बदलल्याने एकही पद वाढत नाही. फाशीच्या शिक्षेवर शिक्कामोर्तब करायचे तर किमान दोन न्यायमूर्ती लागतात. जिथे दोघांचे एकच पीठ आहे तिथे एकजण रजेवर गेला की ते काम थांबते, मुंबईत मात्र त्याच दिवशी दुसरे न्यायमूर्ती बसवता येतात. आधी रिक्त पदे भरा, दर्जाचे नंतर पाहू.

सांगलीकर
पदे भरेपर्यंत पक्षकाराने काय करायचे? जमिनीच्या वाटपाच्या दाव्यातले दुसरे अपील (पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्धचे) घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो, आणि अपील दाखल करून घ्यायचे की नाही, एवढ्याच सुनावणीसाठी आमच्याकडची म्हातारी माणसे रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला येत, बोर्डावर (त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) प्रकरण खाली असल्याने पुकारा होत नसे आणि पुढची तारीख घेऊन परत जात. न्यायमूर्ती कोल्हापुरात बसल्याने त्यांचे निकाल कमी होत नाहीत. आमचा खर्च मात्र कमी होतो.

दादरचा वकील
खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. पण रोस्टर, म्हणजे कोणते न्यायमूर्ती कुठे बसून कोणते काम पाहतील याची वाटणी, मुख्य न्यायमूर्तींच्या हाती असतो. उद्या कायम दर्जा मिळूनही कोल्हापुरात दोनच न्यायमूर्ती नेमले, तर त्याच पक्षकाराला तिथेही तारीखच मिळेल.

गिरगावकर
म्हणूनच नागपूरचा दाखला महत्त्वाचा आहे. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० च्या कलम ४१ मध्ये नागपूरला किमान तीन न्यायमूर्ती बसतील असे संसदेने लिहूनच ठेवले. कोणाला नेमायचे हे मुख्य न्यायमूर्तींवर सोडले, किती हे सोडले नाही. कोल्हापूरसाठीही अशी किमान संख्या कायद्यातच यावी, आणि सहा जिल्ह्यांचा व्याप पाहता ती तीनपेक्षा बरीच अधिक असावी. बार असोसिएशनच्या निवेदनांत दर्जाच्या जोडीने ही मागणी स्पष्ट शब्दांत यायला हवी.