मेकॅनिकल झालेला मुलगा म्हणतो, कॉल्डरसारखं काम करायचंय. हे कॉल्डर कोण?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा तेवीस वर्षांचा. गेल्या वर्षी मेकॅनिकल झाला आणि इथेच नाशिकला, अंबड एमआयडीसीत नोकरीला लागला. नोकरी चांगली आहे. पण संध्याकाळी घरी आला की गॅलरीत बसतो, तेलाचे रिकामे डबे कापून पानांसारखे तुकडे करतो, तारेला अडकवतो, टांगतो आणि बघत बसतो. रात्रीचे अकरा वाजतात. परवा म्हणाला, "आई, मला हेच करायचंय. अलेक्झांडर कॉल्डर पण मेकॅनिकल इंजिनिअरच होते."

मी फोनवर त्यांच्या कामाचे फोटो पाहिले. लाल-काळ्या चकत्या तारेला लोंबताहेत. मला मनापासून समजून घ्यायचंय म्हणून विचारते, यात मोठं काय आहे? बाळाच्या पाळण्यावर आपण चिमणाळं बांधतो, त्याहून हे वेगळं कसं? आणि त्या माणसाचं पोट यावर भरलं का? चार वर्षांची फी आम्ही कशी उभी केली ते आमचं आम्हाला माहीत. त्याच्याशी बोलायच्या आधी नीट कळलेलं बरं.

रेघोटी:
ताई, मी शिल्पकला शिकते, म्हणून थोडं सांगते. कॉल्डर १८९८ चे, अमेरिकन. आजोबा आणि वडील दोघेही शिल्पकार, आई चित्रकार. फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलच्या माथ्यावर विल्यम पेन यांचा पुतळा आहे, तो आजोबांचा. अशा घरात वाढूनही ते इंजिनिअरिंगला गेले आणि १९१९ मध्ये पदवी घेतली. मग मिळतील त्या नोकऱ्या केल्या, अगदी बोटीच्या बॉयलरखोलीतसुद्धा. चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं ते १९२३ मध्ये, पंचविशीच्या सुमारास.

१९२६ मध्ये पॅरिसला गेले. तिथे तार, कापड, बुचं यांची छोटीशी सर्कस केली आणि जमिनीवर बसून स्वतःच तिचे खेळ करून दाखवायचे. ती सर्कस आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. आणि चिमणाळ्याचं म्हणाल, तर दुकानात बाळांसाठी 'मोबाइल' म्हणून टांगती खेळणी मिळतात ना, ते नाव कॉल्डर यांच्या शिल्पांवरूनच आलंय. शब्द सुचवला मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकारांनी, १९३१ मध्ये.

पत्रेवाला_कोल्हापूर:
ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी कॉलेजात कला शिकलेलो नाही. उद्यमनगरात अडतीस वर्षं फॅब्रिकेशन केलं. गेट, ग्रिल, टाक्या, शेतीची अवजारं. लेक शिकागोला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा ती मला फेडरल प्लाझात घेऊन गेली. तिथं कॉल्डर यांचं 'फ्लेमिंगो' उभं आहे. १९७४ चं काम, ५३ फूट उंच, शेंदरी. आजूबाजूला मीस व्हान डर रोह या वास्तुकारांच्या काळ्या, सरळसोट इमारती, आणि मधोमध ही शेंदरी कमान वाकून जमिनीला टेकलेली.

लोक लांबून फोटो काढत होते. मी आधी खाली गेलो आणि सांधे बघितले. आमची सवयच ती. सपाट प्लेटा कापलेल्या, वाकू नयेत म्हणून त्यांना उभ्या पट्ट्या दिलेल्या, आणि बोल्ट डोळ्यांसमोर. काही झाकलेलं नाही. आम्ही आयुष्यभर गिऱ्हाइकासाठी सांधा ग्राइंडरनं घासून, वर पुट्टी भरून लपवत आलो. इथं सांधा हाच नक्षीच्या जागी होता. मी त्या प्लेटेवर हात ठेवून किती वेळ उभा होतो, लेकीला विचारा.

तिथून आल्यावर त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. १९३० च्या ऑक्टोबरात ते पॅरिसला चित्रकार मोंद्रियान यांच्या स्टुडिओत गेले. भिंतीवर रंगीत पुठ्ठ्याचे चौकोन लावलेले होते. कॉल्डर म्हणाले, हे हलते केले तर? मोंद्रियान म्हणाले, नको, माझी चित्रं आहेत तशीच खूप वेगवान आहेत. पण त्या भेटीनं कॉल्डर यांचं काम बदललं. माणसं, प्राणी सोडून ते नुसत्या आकारांकडे आले आणि पुढच्याच वर्षी ते आकार हलायला लागले.

आता तुमचा खरा प्रश्न. चिमणाळ्यात चिमण्या एका कडीला टांगलेल्या असतात. एक काढली तरी बाकीच्या तशाच राहतात. कॉल्डर यांच्या कामात एक पान काढा, सगळं झाड कलंडतं. प्रत्येक तार म्हणजे एक कावड. तिच्या एका टोकाला पान, दुसऱ्या टोकाला आख्खी दुसरी कावड, तिच्या टोकाला तिसरी. २० ग्रॅमचं पान आणि ४० ग्रॅमचं पान ३० सेंटीमीटरच्या तारेला लावलं, तर टांगायची कडी जड पानापासून १० सेंटीमीटरवर येते. वजन गुणिले अंतर, दोन्हीकडे ४००. तारेच्या स्वतःच्या वजनानं जागा थोडी सरकते, म्हणून शेवटी तार बोटावर तोलूनच कडी वळायची. आणि सुरुवात खालून करायची, सगळ्यात लहान पानापासून. वरून सुरू केलं तर दर पानाला सगळं पुन्हा मोडावं लागतं.

हे तुमच्या मुलानं पहिल्या वर्षी मेकॅनिक्सला गिरवलंय. त्याची चार वर्षं वाया चाललेली नाहीत ताई, गॅलरीत तो तेच वापरतोय.

पोटाचं सांगतो. सुरुवातीला ओढायची खेळणी करून कंपनीला दिली, तारेचे चेहरे केले, दागिने केले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं १९४३ मध्ये, पंचेचाळिशीच्या तोंडावर. व्हेनिसला शिल्पाचं मोठं पारितोषिक १९५२ मध्ये. म्हणजे वेळ लागला. माझं मत विचाराल तर मुलानं नोकरी इतक्यात सोडू नये, आणि तुम्ही गॅलरी बंद करू नये.

एक गोष्ट आपल्या देशातली. १९५५ च्या जानेवारीत कॉल्डर बायकोबरोबर अहमदाबादला आले होते, गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून. साराभाईंच्या आवारात राहून त्यांनी तिथंच शिल्पं केली. एकाचं नाव 'फ्रांजी पानी', म्हणजे आपला चाफा, आणि एकाचं 'ग्वावा', पेरू.

गोदाकाठ:
काका, तुमचं उत्तर मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो वरूनच करत होता! काही न बोलता सगळं सोडवलं आणि खालच्या दोन पानांपासून पुन्हा लावायला घेतलं. मी शेजारी बसून पक्कड देत होते. पहिली तार बोटावर आडवी थांबली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नोकरीचं ठरलंय, एवढ्यात सोडणार नाही.

आता म्हणतो, एक छोटी मोटर बसवली तर सारखं फिरत राहील. बसवावी का?

पत्रेवाला_कोल्हापूर:
पक्कड तुम्ही देत होता हे वाचून फार बरं वाटलं. मोटर बसवू नका. कॉल्डर यांनीही सुरुवातीला हाताच्या दांड्यानं आणि मोटरनं चालणारी कामं केली होती. पण मोटर तेच तेच फिरवते. वारा दर वेळी वेगळं हलवतो, म्हणून नंतर त्यांनी बरंचसं काम वाऱ्यावर सोडलं. 'पिट्सबर्ग' नावाचं त्यांचं काळं-पांढरं मोबाइल अमेरिकेतल्या त्याच नावाच्या शहराच्या विमानतळावर टांगलं, तर लोकांनी ते हिरवं-सोनेरी रंगवलं आणि वर मोटर बसवली. कॉल्डर जिवंत असेपर्यंत ते तसंच राहिलं, पुढे मूळ रंगात आलं. ही हकिगत वाचली तेव्हा माझा जीव कळवळला होता.

पंख्याखाली टांगू नका, गॅलरीतला वारा पुष्कळ आहे. आणि वरच्या टोकाला साधा आकडा नको, भोवरकडी लावायला सांगा. गुराच्या साखळीला असते तीच. नाहीतर दोरा पीळ खाऊन उलटा फिरतो. इतक्या हलक्या कामाला ती जड होईल, तर गळ आणि मासेमारीचं सामान विकतात तिथं बारीक मापाची मिळते. पूर्ण झालं की इथं फोटो टाका.