नव्या डॉक्टरांची पहिली भेट : आपले अनुभव

महालची मुलगी
गेल्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागात गेले असता आमच्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचे दुकान दिसले. कंपाउंडरकाका ज्या खिडकीतून कागदी पट्टीवर डोसाच्या खुणा केलेली मिक्श्चरची बाटली देत, ती खिडकी मात्र तशीच आहे. दवाखाना बंद झाल्यावर दोन वर्षे आम्ही कोणाकडेच गेलो नाही आणि अखेर प्रतापनगरच्या एका तरुण डॉक्टरबाईंना दाखवले. नाडी पाहण्याआधी त्यांनी वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले, तेव्हा मनातून रागच आला, कारण जुन्या डॉक्टरांना सासूबाईंचा कोणता गुडघा दुखतो हेही तोंडपाठ होते. पण त्यातला एक प्रश्न कोरड्या खोकल्याचा होता, जो मी सहा महिने इतवारीतल्या मिरचीच्या माथी मारत होते. असा खोकला रक्तदाबाच्या एनालाप्रिल गोळीनेही येतो म्हणून बाईंनी ती बंद करून टेल्मिसार्टन सुरू केली आणि महिन्याभरात खोकला गेला. आपली पहिली भेट कशी झाली?

नंदनवनची सून
ताई, आमच्या यजमानांना सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. त्यांच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल (HbA1c) 5.4 म्हणजे नॉर्मल आला म्हणून आम्ही निश्चिंत होतो, तरी घरच्या यंत्रावर उपाशीपोटीची साखर वारंवार 150 च्या पुढे दिसे आणि आम्ही यंत्रालाच दोष देत असू. नव्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे शेजारी लिहून समजावले की सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे त्यांना साखर चिकटायला पुरेसा काळ मिळत नाही आणि अहवाल खोटा कमी येतो. म्हणून त्यांनी लाल पेशींवर अवलंबून नसलेली फ्रुक्टोसामाईनची साखर-तपासणी लिहून दिली. विदर्भात सिकलसेल इतका असूनही हे आम्हाला आजवर कोणी सांगितले नव्हते.

निवृत्त मास्तर, सक्करदरा
माझा अनुभव इतका गोड नाही. मे महिन्यातल्या दुपारी दोन जिने चढून मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच नव्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, 160/100 हा आकडा संगणकात भरला आणि माझ्याकडे न पाहता दोन गोळ्या लिहिल्या. "पाच मिनिटे बसू द्या आणि पुन्हा मोजा," असे मी शिक्षकी आवाजात सांगितल्यावर 138/84 भरले. एक गोळी तेथेच कमी झाली.

नंदनवनची सून
काका, त्या उन्हातून चालत गेला होतात की काय? अंगातले पाणी कमी झालेले असताना रक्तदाबाच्या गोळीसोबत गुडघेदुखीची गोळी घेतली तर मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले आहे.

निवृत्त मास्तर, सक्करदरा
सूनबाई, स्कूटरने गेलो होतो, पण गुडघ्याची गोळी घेतो हे खरे. त्यांनी ते विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

अजनीकर
आपण सर्व भाग्यवान आहात. मी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत जातो आणि तेथे प्रत्येक वेळी डॉक्टर नवेच असतात. मधुमेहाची सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागू नये म्हणून मी दोनशे पानी वहीत औषध, मात्रा, तारीख आणि कोणते औषध का बंद झाले हे लिहून ठेवतो. मागच्या वेळी एका शिकाऊ डॉक्टरने ती वही चाळून, मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, तरी ती आठ वर्षे चालू असूनही बी-12 एकदाही तपासलेले नाही, हे दाखवून दिले. पायांची जी आग मी म्हातारपणाच्या खात्यावर टाकली होती, ती बी-12 च्या इंजेक्शनांनंतर बरीच उतरली आहे.

महालची मुलगी
अजनीकर, वहीवरून आठवले. जुन्या डॉक्टरांकडे प्रत्येक कुटुंबाचे पुठ्ठ्याचे कार्ड असे. कंपाउंडरकाकांना फोन केला, तेव्हा आमचे कार्ड सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात त्यांच्या माळ्यावर निघाले. त्यावर सासूबाईंच्या नावापुढे लाल शाईत "पेनिसिलिन नको" असे लिहिलेले आहे. डॉक्टरबाईंनी वीस मिनिटांत औषधाच्या ॲलर्जीबद्दलही विचारले होते आणि आम्ही दोघींनी "काही नाही" असे उत्तर दिले होते. उद्या सकाळी कार्ड घेऊन जात आहे.